पेरू जवळचा की सफरचंद?

थंडीच्या दिवसांत पुण्याच्या बाजारात दोन पाट्या शेजारी शेजारी दिसतात. एकीत सिमल्याकडची सफरचंदे, दुसरीत आसपासच्या गावांतले पेरू. सफरचंद महाग, पेरू स्वस्त. १०० ग्रॅम पेरूत सुमारे २०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते. तेवढ्याच सफरचंदात जेमतेम ५ मिलिग्रॅम. तरीही आजाऱ्याला भेटायला जाताना आपण सफरचंदेच नेतो! ते असो.

'जवळचे खावे, लांबच्या मालापायी इंधन जळते,' असे हल्ली पुष्कळदा ऐकू येते. मीही वर्गात तसेच सांगत असे. एकदा एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, पण किती जळते?" पदार्थविज्ञान शिकवणाऱ्याला हा प्रश्न टाळता येत नाही. चला तर, हिशेब करू या.

सिमला ते पुणे हे अंतर रस्त्याने सुमारे १,८०० किलोमीटर. ट्रकमध्ये १० टन सफरचंदे भरली आहेत आणि १ लिटर डिझेलमध्ये तो ४ किलोमीटर जातो, असे धरा. म्हणजे ४५० लिटर डिझेल लागले. १ लिटर डिझेल जळले की सुमारे ३६ मेगाज्यूल ऊर्जा मिळते. गुणाकार केला तर १६,२०० मेगाज्यूल. हा आकडा पाहून छाती दडपते खरी. पण तो १०,००० किलो सफरचंदांत वाटायचा आहे. एका किलोच्या वाट्याला आले सुमारे १.६ मेगाज्यूल. सफरचंद उन्हाळ्यात घेतले तर शीतगृहात काढलेल्या महिन्यांची वीज त्यात मिळवावी लागेल. पेरू तोडल्यापासून एकदोन दिवसांत बाजारात येतो. त्याला हा खर्च नाही.

आता माझी गोष्ट. आमच्या घरापासून ५ किलोमीटरवर गुरुवारचा आठवडी बाजार भरतो. शेतकरी स्वतः माल घेऊन बसतात. 'जवळचे खायचे' म्हणून मी दर गुरुवारी स्कूटरने तिथे जाई आणि दोनेक किलो भाजी-पेरू घेऊन येई. मनातून थोडा अभिमानही होता. त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नानंतर स्वतःचाच हिशेब मांडला. जाऊन-येऊन १० किलोमीटर. स्कूटर लिटरला ५० किलोमीटर जाते, म्हणजे ०.२ लिटर पेट्रोल. लिटरमागे ३२ मेगाज्यूल धरले तर ६.४ मेगाज्यूल. माल २ किलो. किलोमागे ३.२ मेगाज्यूल!

म्हणजे माझा 'जवळचा' पेरू सिमल्याच्या सफरचंदाच्या दुप्पट इंधन खाऊन घरी येत होता.

असे का व्हावे? ट्रक स्वतः असतो सहा-एक टनांचा आणि वाहतो १० टन. माझी स्कूटर ११० किलोची, मी ७० किलोचा. दोन किलो पेरूंसाठी १८० किलो वजन पाच किलोमीटर नेऊन परत आणायचे! किलोमीटर मोजताना सोबत काय काय हलले हेही मोजावे लागते, ते मी विसरलो होतो.

तुम्ही म्हणाल, मग जवळचे खाण्यात अर्थच नाही का? आहे. ज्यूलमध्ये सगळे मोजता येत नाही. आठवडी बाजारात दिलेला रुपया मधल्या चार हातांतून न जाता पिकवणारीच्या हाती पडतो. भाव पडल्याच्या दिवशी तिच्या घरी त्याचा फरक पडतो. आपल्यालाही ताजा माल स्वस्त मिळतो. मला बाजार सोडायचा नव्हता, स्कूटरची फेरी सोडायची होती.

हिशेबाचा नाद लागला तो मग स्वयंपाकघरात शिरला. आमच्याकडे डाळ उघड्या पातेल्यात रटरटा शिजत असे. पाणी कितीही खळखळले तरी त्याचे तापमान १०० अंश सेल्सिअसच्या वर जात नाही. पुण्याच्या उंचीवर तर ९८ च्या आसपासच. मोठ्या आचेने डाळ लवकर शिजत नाही, वाफ मात्र जास्त होते. १ किलो उकळत्या पाण्याची वाफ करायला २.२६ मेगाज्यूल अप्रकट उष्मा लागतो. अर्धा लिटर पाणी उडाले तर १.१३ मेगाज्यूल. शेगडीची निम्मी-अधिक उष्णताच पातेल्यात जाते. ती ६० टक्के धरली तर सुमारे १.९ मेगाज्यूलचा गॅस जळाला. सफरचंदाच्या सगळ्या प्रवासाहून जास्त, आणि तोही खिडकीतून बाहेर! एका किलो गॅसमध्ये ४६ मेगाज्यूल असतात. म्हणजे रोज ४१ ग्रॅम, वर्षाला सुमारे १५ किलो. घरगुती सिलिंडर १४.२ किलोचा असतो.

घरी मोठ्यांच्या मदतीने पाहा: डाळ शिजायला ठेवण्यापूर्वी पातेल्याचे वजन करा, शिजून निवल्यावर पुन्हा करा. एकदा झाकणाशिवाय, एकदा झाकण ठेवून मंद आचेवर. प्रेशर कुकरमध्ये वाफ कोंडून तापमान १२० अंशांच्या आसपास जाते, म्हणून तिथे वेळही वाचतो.

गुरुवारी हल्ली मी कॉलेजातून परततानाच बाजाराकडे वळतो. वळसा १ किलोमीटरचा, माल चार किलो, किलोमागे ०.१६ मेगाज्यूल. हे त्या विद्यार्थिनीला सांगितले, तर तिचा पुढचा प्रश्न तयार: "सर, सायकलने आणले, तर त्यासाठी खाल्लेली भाकरी हिशेबात धरायची का?"