पावसात कॅरम बोर्ड जड का होतो?

रेड अलर्टमुळे शाळांना सुट्टी जाहीर झाली की रत्नागिरीत घरोघरी पडवीत नाहीतर माजघरात कॅरम मांडला जातो. आणि पहिल्याच डावात कुणीतरी तक्रार करतं, "आज बोर्ड चालत नाहीये, जड झालाय." मे महिन्यात एका टिचकीत समोरची चौकट गाठून परत येणारी सोंगटी जुलैत अर्ध्या वाटेवर बसते. ही तक्रार अगदी खरी आहे, आणि तिच्या मुळाशी शिरलं तर भौतिकशास्त्राचा चांगला मोठा तुकडा हाती लागतो.

परदेशात अशा दिवशी मुलांना छपराखालच्या मिनी गोल्फला नेतात. 1930च्या सुमारास अमेरिकेत त्या खेळाची लाटच आली होती. कडेवर आपटून चेंडू भोकात घालायचा, हीच करामत आपल्याकडे 74 सेंटिमीटरच्या चौकोनात करता येते. मात्र गोल्फचा चेंडू घरंगळत जातो आणि सोंगटी घसरत जाते. त्यामुळे कॅरममध्ये घर्षणाचं राज्य जास्त कडक. घसरणारी वस्तू किती लांब जाईल हे तिच्या वेगाच्या वर्गावर ठरतं. टिचकी दुप्पट वेगाची बसली तर सोंगटी चौपट लांब जाते. उलट घर्षण दीडपट झालं, की तोच फटका दोन तृतीयांश अंतरावरच संपतो. स्पर्धेच्या बोर्डाची कसोटीही याच मापाने होते. 15 ग्रॅमचा स्ट्रायकर पूर्ण ताकदीने मारल्यावर त्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत किमान साडेतीन फेऱ्या मारायला हव्यात.

हे घर्षण कमी ठेवण्याचं काम बोरिक पावडरीचं. बोरिक आम्लाचे रेणू सपाट थरांमध्ये रचलेले असतात. एकाच थरातले रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात, पण दोन थरांमधली ओढ अगदी क्षीण. दाब आला की नव्या कोऱ्या पत्त्यांच्या कॅटासारखे थर एकमेकांवरून सरकतात. ग्रॅफाइटही असंच घसरतं. (हीच पावडर झुरळं मारायलाही वापरतात. म्हणून लहान मुलं खेळत असतील तर खाऊ नेमका कॅरमशेजारी ठेवू नये, आणि उठल्यावर हात धुवायलाच लावावेत.)

आता त्यात पाऊस आणा. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि जुलैत हवेतली सापेक्ष आर्द्रता नव्वदीच्या आसपास रेंगाळते. प्लायवूड शेवटी लाकूडच. ते हवेतली ओल शोषतं, फुगतं, आणि त्याचे बारीक तंतू वर येतात. पावडरीच्या गुठळ्या होतात. त्याहून सूक्ष्म प्रकार असा, की दोन पृष्ठभागांमधल्या अतिअरुंद फटीत, हवा पूर्ण संपृक्त नसतानाही, वाफेचं पाणी होतं. सोंगटी आणि बोर्ड यांच्यामध्ये असे डोळ्यांना न दिसणारे पाण्याचे पूल तयार होतात आणि तिला धरून ठेवतात. अशा वेळी पावडरीचा आणखी एक थर ओतणं हा उपाय नव्हेच. आधीची ओली पावडर कोरड्या फडक्याने पूर्ण पुसून काढायला हवी.

बोर्डावर हातभर उंचीवर टांगलेला तो जुना पिवळा बल्ब आठवतो? तो खात असलेल्या विजेचा दहावा हिस्साही उजेडात जात नसे, बाकी सगळी उष्णता. ती वाया जात होती असं आपण म्हणतो, पण कॅरमच्या दृष्टीने तीच कामाची होती. 27 अंशांची, 90 टक्के आर्द्रतेची हवा बोर्डालगत 32 अंशांपर्यंत तापली, तर तेवढ्याच वाफेची सापेक्ष आर्द्रता 67 टक्क्यांच्या आसपास उतरते. एलईडी दिवा विजेची बचत करतो हे उत्तमच, पण तो बोर्ड सुकवत नाही. कोकणातल्या पावसाळ्यात हा फरक बोटाला जाणवतो.

घर्षणानंतर टक्कर. सोंगटीचं वजन साधारण 5 ग्रॅम, स्ट्रायकरचं 15. या तिपटीत खेळाचा निम्मा स्वभाव दडलेला आहे. एका सोंगटीने दुसऱ्या सोंगटीला सरळ धडक दिली, तर पहिली जवळजवळ जागीच थांबते आणि दुसरी निघते. स्ट्रायकर मात्र थांबत नाही. ऊर्जा अजिबात वाया जात नाही असं धरलं, तर सोंगटी त्याच्या दीडपट वेगाने सुटते आणि तो निम्म्या वेगाने तिच्या मागोमाग जातो. सरळ फटक्यात सोंगटीपाठोपाठ स्ट्रायकरही भोकात जातो, तो यामुळे. कितीही बारीक कट मारला तरी एका सोंगटीवर आपटून स्ट्रायकर आपल्या वाटेवरून फार तर साडेएकोणीस अंश वळतो, त्याहून जास्त नाही. अनुभवी खेळाडू हा आकडा मनात धरूनच स्ट्रायकर कुठे थांबेल ते आधी ओळखतात.

चौकटीवरून परतीचा फटका मारताना आरशाची युक्ती कामी येते. चौकटीपलीकडे भोकाचं प्रतिबिंब कल्पायचं आणि त्याच्यावर नेम धरायचा. इथे एक बारकावा बहुतेक जण विसरतात. सोंगटीची कड चौकटीला टेकते तेव्हा तिचा मध्य दीड सेंटिमीटर आत असतो, म्हणून आरसाही तेवढाच आत धरावा लागतो. शिवाय लाकूड थोडा वेग खातं आणि घासताना सोंगटीला फिरकी देतं. त्यामुळे आरशाने दिलेलं उत्तर जागेवर थोडं दुरुस्त करावं लागतं. ही दुरुस्ती सुक्या बोर्डावर वेगळी, दमट बोर्डावर वेगळी.

रियाज अकबर अली, आकांक्षा कदम यांच्यासारखे राज्य स्पर्धा गाजवणारे खेळाडू रत्नागिरीने दिले. वर्षातले चार महिने बदलत्या बोर्डाशी जुळवून घ्यावं लागतं, त्याचा या खेळाडूंच्या हाताला फायदाच होत असावा, असं मला मनापासून वाटतं. नेम सरावाने बसतो. पण आजचा बोर्ड कालच्यापेक्षा किती मंद आहे हे पहिल्या दोन फटक्यांत ताडणं, ही त्याहून अवघड विद्या.

फिरकीचा विषय निघालाच आहे, तर पुढच्या सुट्टीत एक करून पाहा. एक सोंगटी नुसती सरकवा आणि दुसरी तेवढ्याच जोराने, पण गरकन फिरवत सोडा. फिरणारी जास्त लांब जाईल, कारण घर्षणाचा काही भाग तिची फिरकी रोखण्यात खर्ची पडतो. मग तिच्या थांबण्याकडे नीट लक्ष द्या. सपाट चकतीचं सरकणं आणि फिरणं एकाच क्षणी संपतं, हे 2003 मध्ये भौतिकशास्त्रज्ञांनी गणिताने आणि प्रयोगाने दाखवून दिलं.