टर्नटेबलची पारख

तबकड्यांवरचे संगीत ऐकण्याचा षोक असलेल्या गृहस्थाला एक ना एक दिवस आपले साधे टर्नटेबल अपुरे वाटू लागते. दुकानात काही हजारांपासून कित्येक लाखांपर्यंत किमतीची यंत्रे त्याच्यापुढे मांडली जातात आणि त्यांच्या झळाळीने डोळे दिपून जातात. अशा वेळी किमतीचा विचार थोडा बाजूस ठेवून प्रथम हे विचारावे, की या यंत्राने नेमके करावयाचे काय? कामे तीनच आहेत. तबकडी एकसारख्या गतीने फिरविणे, सुई खाचेत योग्य रीतीने धरणे, आणि हे करीत असता स्वतः निःशब्द राहणे.

गतीचा विचार आधी करू. १९४८ मध्ये अमेरिकेत आलेली लाँग प्ले तबकडी मिनिटाला सव्वातेहतीसहून किंचित अधिक, म्हणजे ३३⅓ फेरे घेते. आपल्या संगीतात प्रमाणश्रुतीचे गुणोत्तर ८१:८० मानतात. म्हणजे अंतर केवळ सव्वा टक्क्याचे. थाळी तेवढीच जलद फिरली, तर सबंध मैफल एका प्रमाणश्रुतीने वर चढते. चूक कायम सारखी असेल, तर कान ती बहुधा खपवून घेतो. परंतु प्रत्येक फेऱ्यात गती कमीजास्त होऊ लागली, की तंबोऱ्याचा षड्ज डळमळतो आणि रसभंग होतो. म्हणून परीक्षेसाठी दुकानदाराच्या आवडीची ढोलताशांची तबकडी न घेता आपल्याजवळची विलंबित ख्यालाची न्यावी. मात्र दोष यंत्राच्या माथी मारण्यापूर्वी दोनतीन तबकड्या लावून पाहाव्या. तबकडीचे भोक अर्धा मिलिमीटर सरकलेले असेल, तर मध्यापासून दहा सेंटिमीटरवर स्वर दोन्ही बाजूंना अर्धा टक्का हेलकावतो. तेथे बहुतेक सर्व यंत्रे, महागडीसुद्धा, हतबल ठरतात.

थाळी फिरविण्याचे दोन प्रमुख संप्रदाय आहेत. जपानच्या टेक्निक्सने १९७० मध्ये मोटारीच्या आसावरच थाळी बसविलेले यंत्र विक्रीस आणले. पुढे १९७२ मध्ये आलेले त्यांचे एसएल-१२०० जगभर पसरले. त्याचे उत्पादन २०१० मध्ये थांबले आणि २०१६ मध्ये पुन्हा सुरू झाले. दुसरा संप्रदाय पट्ट्याचा. त्याचे नामांकित उदाहरण म्हणजे स्कॉटलंडमधील लिन कंपनीचे एलपी-१२. यात मोटारीची थरथर रबरी पट्ट्यात जिरते, आणि थाळी व आर्म स्प्रिंगांवर तोललेले असतात. पहिल्या पद्धतीत गतीची अचूकता सहज साधते. दुसरीत पट्टा अधूनमधून बदलावा लागतो. उत्तम नमुने दोन्हींत आहेत, तेव्हा केवळ संप्रदायावरून निवाडा करू नये.

निःशब्दतेला इतके महत्त्व का, हे एका आकड्यावरून ध्यानात येईल. नेहमीच्या कार्ट्रिजमधून व्होल्टच्या पाच सहस्रांशांइतकाच विद्युत्संकेत निघतो. उंची मूव्हिंग कॉइल प्रकारात तर त्याच्याही दहाव्या हिश्श्याइतका. तो शंभरपट ते हजारपट मोठा करावा लागतो, आणि त्याच्याबरोबर मोटारीची घरघर व घरातल्यांच्या पावलांचा दणकाही मोठा होतो. म्हणून भिंतीत पक्की बसविलेली फळी पुष्कळदा नव्या यंत्राइतका फरक घडवून आणते. लाऊडस्पीकर त्याच फळीवर कधीही ठेवू नये.

खाचेतून जे उचललेच गेले नाही, ते पुढचा अ‍ॅम्प्लिफायर निर्माण करू शकत नाही, हे लिनचे आग्रही प्रतिपादन यथार्थ आहे. परंतु खाचेला प्रत्यक्ष स्पर्श करते ती सुई. हिऱ्याचे टोक साधारणतः पाचशे ते हजार तासांत झिजते. झिजलेले टोक खाच वाचीत नाही, ती खरवडते. सुईचा भार कार्ट्रिजच्या निर्मात्याने सांगितल्याप्रमाणे, बहुधा दीडदोन ग्रॅम, आणि कोन नेमका ठेवणे हे काम यंत्र कितीही महाग घेतले तरी चुकत नाही.

आता ज्या मुद्द्यावर निवड खरोखर ठरावी, तो पाहू. पुष्कळ मराठी घरांत बालगंधर्व व अब्दुल करीम खाँ यांच्या काळातल्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या जपून ठेवलेल्या आहेत. कित्येक भारी टर्नटेबलांना ७८ ची गतीच नसते. असे यंत्र लाख रुपये मोजून आणले, तरी त्या तबकड्यांना ते मुकेच ठेवील. शिवाय त्यांना सुमारे ७० मायक्रॉनचे टोक लागते. लाँग प्लेला १८ मायक्रॉनच्या आसपासचे. बारीक टोक रुंद खाचेच्या तळाशी भरकटते, आणि जाड टोक लाँग प्लेची खाच कायमची बिघडविते. फार जुन्या तबकड्या नेमक्या ७८ च्याच गतीने मुद्रित झाल्या होत्या असेही नाही. तेव्हा गती थोडी कमीजास्त करण्याची आणि कार्ट्रिज सहज बदलण्याची सोय ज्यात आहे, ते यंत्र अशा घराला लाभदायक.

म्हणून खरेदीपूर्वी आपल्या कपाटातील तबकड्यांची यादी करावी. खर्चाचा क्रम सुई व तिची जुळवणी, भक्कम बैठक, मग टर्नटेबल आणि शेवटी शोभा असा लावावा. सुई बदलण्यापुरते पैसे दरवेळी शिल्लक ठेवावे. यंत्र पुन्हा विकत घेता येते. जी तबकडी पुढे कोणी प्रसिद्ध केली नाही, तिची खाच एकदा गेली की तो आवाज त्या घरापुरता गेलाच.