डॅशकॅम घेताना खोक्यावरच्या '४के'वर भुलू नका

अपघात झाल्यावर चूक कोणाची, यावर रस्त्यात वाद पेटतो. त्या वेळी डॅशकॅमचे चित्रण साक्षीदाराचे काम करते. पण समोरच्या गाडीचा नंबरच वाचता येत नसेल, तर तो साक्षीदार मुका ठरतो. अनेक जण फक्त '४के' हा शब्द पाहून कॅमेरा घेतात आणि पहिल्याच रात्रीच्या प्रवासानंतर निराश होतात. त्यामागचे काही गैरसमज दूर करायला हवेत.

गैरसमज १ : ४के लिहिले आहे, म्हणजे चित्रणही ४केच होते.

वस्तुस्थिती : ४के चित्राच्या एका फ्रेममध्ये सुमारे ८३ लाख पिक्सेल असतात, तर फुल एचडीच्या फ्रेममध्ये सुमारे २१ लाख. आत सेन्सर ५० लाख किंवा २० लाख पिक्सेलचा असेल, तर उरलेले पिक्सेल सॉफ्टवेअर अंदाजाने भरते. फाइल ४केची तयार होते, पण सेन्सरने न टिपलेला तपशील त्यात येत नाही. म्हणून दुकानदाराला आधी सेन्सरचा क्रमांक विचारा. सोनीचा आयएमएक्स ४१५ किंवा आयएमएक्स ६७८ हे खरे ४के सेन्सर आहेत. आयएमएक्स ३३५ सुमारे ५० लाख पिक्सेलचा आहे. तो १४४०पी चित्रणासाठी पुरेसा आहे, ४केसाठी नाही.

गैरसमज २ : पिक्सेल जितके जास्त, तितके रात्रीचे चित्र चांगले.

वस्तुस्थिती : खरेदीतली सर्वांत मोठी फसगत इथेच होते. आयएमएक्स ३०७ हा फुल एचडी सेन्सर आणि आयएमएक्स ४१५ हा ४के सेन्सर, दोन्ही १/२.८ इंच वर्गातले, म्हणजे जवळपास एकाच आकाराचे. पहिल्याचा पिक्सेल २.९ मायक्रॉनचा, तर दुसऱ्याचा १.४५ मायक्रॉनचा. क्षेत्रफळात हा फरक चौपट पडतो. प्रत्येक पिक्सेलला मिळणारा प्रकाश त्याच प्रमाणात घटतो आणि अंधारात चित्रावर दाणे उमटतात. दिवसा ४१५ सरस ठरतो, पण दिवे नसलेल्या रस्त्यावर त्याची ती आघाडी टिकत नाही. ६७८ मध्ये सेन्सरच मोठा, १/१.८ इंच वर्गातला, असून पिक्सेल २ मायक्रॉनचा आहे. तो 'स्टारव्हिस २' या नव्या पिढीतला आहे. ४के आणि रात्रीचे चित्रण दोन्ही हवे असेल, तर जास्तीचे पैसे इथे घालावेत.

गैरसमज ३ : सेकंदाला ६० फ्रेम असल्या की नंबरप्लेट स्पष्ट येते.

वस्तुस्थिती : नंबर पुसट होतो तो मुख्यतः शटर जास्त वेळ उघडे राहिल्यामुळे. चौकात ताशी ६० किलोमीटर वेगाने आडवी जाणारी गाडी सेकंदाच्या तिसाव्या भागात सुमारे ५५ सेंटिमीटर सरकते. कारची नेहमीची आडवी नंबरप्लेट ५० सेंटिमीटर लांब असते. शटर तेवढा वेळ उघडे राहिले, तर अख्खी प्लेट आपल्या लांबीहून जास्त फरफटलेली दिसणार. ६० फ्रेम घेतल्या तरी रात्री हे सरकणे २८ सेंटिमीटरपर्यंत असू शकते आणि अक्षरे वाचता येत नाहीत. शटर वेगवान हवे तर प्रकाश भरपूर हवा, किंवा अंधारातही नीट काम करणारा सेन्सर हवा.

गैरसमज ४ : एचडीआर ही निव्वळ जाहिरातबाजी आहे.

वस्तुस्थिती : आपल्याकडच्या एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरप्लेटवर प्रकाश परतवणारी फिल्म असते. हेडलाइट पडला की प्लेट पांढरीफटक होते आणि बाजूचा रस्ता काळाकुट्ट. एचडीआर कमी-जास्त प्रकाशातली चित्रे एकत्र करून दोन्हीकडचा तपशील राखते, त्यामुळे ते उपयोगाचेच आहे. मात्र वेगळ्या क्षणी घेतलेली चित्रे जोडली, तर धावत्या गाडीला दुहेरी कडा येऊ शकतात. काही कॅमेऱ्यांत एचडीआर सुरू केल्यावर फ्रेमची संख्याही कमी होते.

गैरसमज ५ : सेन्सर तोच, म्हणजे चित्रही तेच.

वस्तुस्थिती : लेन्स, प्रोसेसर आणि बिटरेट यांचाही वाटा मोठा आहे. लेन्सचा कोन फार रुंद असेल, तर समोरची प्लेट चित्रात लहान होते. बिटरेट कमी ठेवला, तर पाने, खडी आणि पाऊस यांचा चिखल होतो. सेकंदाला २५ मेगाबिट या दराने तासाला सुमारे ११ जीबी जागा लागते. त्यामुळे ६४ जीबीच्या कार्डात साधारण साडेपाच तासच मावतात, त्यानंतर जुने चित्रण पुसले जाते. सतत लिहिणे-पुसणे सोसणारे 'हाय एन्ड्युरन्स' कार्ड म्हणूनच घ्यावे.

गैरसमज ६ : व्हिडिओ व्हॉट्सॲपवर पाठवला, म्हणजे पुरावा जपला.

वस्तुस्थिती : नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला व्हिडिओ तिथे दाबून लहान केला जातो आणि नंबरप्लेटसारखा बारीक तपशील आधी जातो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल जराही बदलली तर बदलणारी तिची डिजिटल खूणही नोंदवायची असते. त्यामुळे अपघात झाला, तर कार्ड लगेच काढा आणि मूळ फाइल तशीच ठेवा.

कॅमेरा निवडताना सेन्सरचा क्रमांक विचारा आणि रात्रीच्या चित्रणाची मूळ फाइल मागून मोठ्या पडद्यावर थांबवून पाहा. यूट्यूबवरचा नमुनाही दाबलेला असतो, त्यावर निर्णय घेऊ नका. पैसे मर्यादित असतील, तर नावापुरत्या ४केपेक्षा मोठ्या पिक्सेलचा प्रामाणिक फुल एचडी कॅमेरा रात्री तुमच्या जास्त कामी येईल.