पडत्या बाजारातला हप्ता

२३ मार्च २०२०. एकाच दिवसात सेन्सेक्स ३,९३४ अंकांनी कोसळून २५,९८१वर बंद झाला. अशा वेळी पहिला विचार येतो तो एसआयपीचा, म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहा गुंतवायचा, हप्ता थांबवण्याचा. भीती खरीच असते. पण जरा आकडेमोड करून पाहू.

दरमहा १,००० रुपये गुंतवा. समजा, युनिटचा भाव पहिल्या महिन्यात १००, दुसऱ्यात ५०, तिसऱ्यात पुन्हा १००. युनिट मिळाली १०, २० आणि १०. गुंतवले ३,००० आणि हाती ४,००० रुपयांची युनिट! भाव तर होता तिथेच आला. मग हजार रुपये आले कुठून? पडलेल्या महिन्यात दुप्पट युनिट मिळाली, तिथून. नेमका तोच हप्ता चुकवला असता तर नफा शून्य.

अर्थात भाव परत वर येईलच याची हमी कुणी देत नाही, आणि एखाद्या कंपनीचा शेअर कायमचाही बुडतो. म्हणून हे गणित अनेक कंपन्यांत विभागलेल्या फंडालाच लावावं.

शिवाय वाट पाहायला घरात पैसा हवा. नोकरी गेलेल्या माणसाला पडत्या भावातच युनिट विकावी लागतात. सहा महिन्यांचा घरखर्च आधी बँकेत ठेवा. तिथे फेब्रुवारी २०२०पासून एका बँकेतल्या पाच लाखांपर्यंतच्या ठेवींना विम्याचं संरक्षण आहे.