हानडॉर्फची पाटी

ॲडलेडला मुलाकडे येऊन पंधरा दिवस झाले होते. समुद्र पाहून झाला, मुलाच्या मित्रमंडळींकडची जेवणे झाली, मग सूनबाईने फर्मान काढले, "आई, उद्या हानडॉर्फ!"

शहरापासून मोटारीने अर्ध्या तासावर, डोंगरात हे टुमदार गाव आहे. एक लांबलचक रस्ता, दुतर्फा जुनी झाडे, दगडी बैठी घरे आणि जवळजवळ प्रत्येक घरात दुकान! सॉसेज, बिअर, कोकिळेची घड्याळे. माझ्यासारख्या शाकाहारी बाईला सफरचंदाच्या स्ट्रूडलने तारले. ती आपल्या करंजीची थोरली बहीणच म्हणा ना! पण खरे सांगू? प्रवाशांना भुलवण्यासाठी मांडलेला हा देखावा आहे, असेच मला प्रथम वाटले.

मग आम्ही १८५७ साली बांधलेल्या जुन्या शाळेत गेलो. तिथे आता संग्रहालय आहे. प्रशियाच्या राजाने प्रजेवर आपल्या पसंतीची उपासनापद्धती लादली, तेव्हा काही लुथरन शेतकऱ्यांनी देशच सोडला. 'झेब्रा' नावाच्या जहाजाने ते डिसेंबर १८३८ मध्ये इथे पोचले. जहाजाचा कप्तान हान मोठा भला माणूस. त्यांना किनाऱ्यावर उतरवून तो मोकळा झाला नाही. त्यांच्यासाठी जमीन मिळवायलाही त्याने खटपट केली. म्हणून १८३९ साली वसलेले हे गाव 'हानडॉर्फ', हानचे गाव! (ही भूमी त्याआधी पेरामांक लोकांची होती, हेही सांगितले पाहिजे.)

या गावच्या बायका मध्यरात्री भाजी-लोण्याच्या टोपल्या घेऊन डोंगर उतरत आणि तीसेक किलोमीटर चालून ॲडलेडच्या बाजारात जात. येताना देवळासाठी प्रत्येकीने दोन-दोन विटा आणल्या, असे सांगतात. हे वाचून माझेच पाय दुखू लागले.

आणि एवढे करून काय? पहिले महायुद्ध पेटले आणि जर्मन नाव हाच गुन्हा ठरला. १९१७ साली लुथरन शाळा बंद झाल्या. त्याच वर्षीच्या कायद्याने प्रांतातली ६९ जर्मन नावे पुसली गेली. हानडॉर्फचे झाले 'ॲम्बलसाइड'! जुने नाव परत मिळाले ते १९३५ साली. नावाची पाटी परत आली. पण शाळेत बंद पडलेली भाषा पुन्हा घराघरात कशी यावी? दुकानांच्या पाट्यांवर जर्मन पुष्कळ दिसली. कानांवर मात्र दिवसभर इंग्रजीच पडली.

मी नातीकडे पाहिले. नऊ वर्षांची पोर. मराठी सगळे समजते, उत्तर मात्र इंग्रजीत. तिच्यावर तर कोणी कायदा केलेला नाही! पंधरा दिवस हे शल्य मी मनातच ठेवले होते. बोलले असते तर सूनबाईला वाटले असते, सासू दोष काढते.

परतताना नातीने टोपलीवाल्या बायकांचा विषय काढला. मी सांगितले, "माझ्या लहानपणी आमच्या दारावर भाजीवाली यायची. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी."

"चुंबल?"

"चुंबळ. फडक्याची गुंडाळी. डोक्याला टोचू नये म्हणून."

मी पदराची चुंबळ करून तिच्या डोक्यावर ठेवली, वर स्ट्रूडलचा खोका. तो सावरत ती घर येईपर्यंत 'ळ' घोकत होती. मध्येच म्हणाली, "आजी, अजून एक सांग ना!"

पुढच्या आसनावरून सूनबाई म्हणाली, "आई, मलाही सांगा. चुंबळ मीसुद्धा आजच ऐकली."