पाणी लागलेली तबकडी

कार्तिकी पौर्णिमेला कपिलधारला पाय ठेवायला जागा नसते. मांजरसुंब्याजवळच्या डोंगरकुशीत संत मन्मथस्वामींची समाधी, गावोगावहून पायी आलेल्या दिंड्या, आणि पाऊसकाळ चांगला झाला असेल तर कड्यावरून कोसळणारी धार. अशाच एका पौर्णिमेला आमचे अण्णा मनगटावर घड्याळ असतानाच धारेखाली उभे राहिले. मांजरसुंब्याच्या फाट्यावर येईपर्यंत काचेच्या आत वाफ धरली होती आणि सेकंदकाटा थांबला होता.

घड्याळ एचएमटीचे ‘जनता’, लग्नातल्या आहेराचे, देवनागरी आकड्यांचे. बीडमधल्या दुरुस्तीवाल्या चाचांनी ते उघडले, वाळवले, गंजलेली चावीची दांडी बदलली, तेल दिले. मग म्हणाले, “गुरुजी, डायल काळं पडलंय. नवं करून देऊ?” अण्णा हो म्हणाले. आठ दिवसांनी घड्याळ आले ते पांढरेशुभ्र, इंग्रजी आकड्यांचे. जुने डायल परत द्या, असे मी म्हणालो तेव्हा कळले की हेच ते. त्याच पत्र्यावरचा मूळ रंग उतरवून नवा चढवला होता. देवनागरी आकडे कायमचे गेले होते.

दुर्मीळ घड्याळांच्या शोधाला मी लागलो तो तेव्हापासून. संग्राहक कशाला मोल देतात हे समजून घ्यायचे होते. सोन्याला, हिऱ्यांना, असे वाटत होते. ते फारच थोडे खरे निघाले. २६ ऑक्टोबर २०१७ रोजी न्यूयॉर्कच्या लिलावात अभिनेते पॉल न्यूमन यांचे रोलेक्स डेटोना १ कोटी ७७ लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेले. घड्याळ स्टीलचे, चावी देऊन चालणारे. ज्या वेगळ्या धाटणीच्या तबकडीमुळे या घड्याळांना आज न्यूमन यांचे नाव लागते, ती दुकानात होती तेव्हा गिऱ्हाइकांना फारशी रुचत नसे. तीच तबकडी कोणी हौसेने ‘नवी’ करून घेतली असती तर?

आपल्याकडे या नादाची मुळे मुंबईत आहेत. १७३७ पासूनचा वारसा सांगणारी स्वित्झर्लंडची फाव्र-ल्यूबा १८६५ साली मुंबईत आली. वेस्ट एंड वॉच कंपनीच्या खिशातल्या घड्याळांवर तर ‘बॉम्बे’ आणि ‘कलकत्ता’ ही नावे छापलेली असत. फाव्र-ल्यूबाचे ‘सी चीफ’ आपल्याकडच्या कितीतरी घरांत आजही सापडते. संग्राहक ज्यांच्यासाठी जिवाचे रान करतात ती त्याच कंपनीची दोन घड्याळे मात्र वेगळी. १९६२ चे ‘बिव्हुआक’ हवेच्या दाबावरून डोंगराची उंची सांगे, आणि १९६८ चे ‘बॅथी’ पाण्याच्या दाबावरून पाणबुड्याला खोली सांगे. बॅटरी नाही, विजेची तार नाही. दाबाने आकसणारी धातूची डबी आणि तिला जोडलेला काटा. ही यंत्रे बघताना मला अजूनही भरून येते.

पूर्वी वेळ पाण्यानेच मोजत. तळाला बारीक छिद्र असलेले घटिकापात्र २४ मिनिटांत बुडे, अशा ६० घटकांचा दिवस. मनगटावरच्या यंत्राचे मात्र पाण्याशी वैर. पाणी शिरते ते बहुधा चावीच्या बाजूने. केसाहून बारीक स्प्रिंगवर गंजाचा ठिपका पडला तरी चाल बिघडते. ‘जनता’चे मशीन तासाला १८,००० ठोके देते, सेकंदाला ५, दिवसाला ४ लाख ३२ हजार. ओल लाखेखाली गेली की तबकडीवर डाग उमटतात, आणि डाग दिसले की माणूस रंगाऱ्याकडे जातो.

या रंगवलेल्या घड्याळांना जगभरचे संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. हे नाव मला झोंबते. मालकाने मागितले तसे करून देणाऱ्या कारागिराचा त्यात दोष नाही. हातात भिंग धरून, चिमट्याने काटे बसवून त्याने लाखो बंद पडलेली घड्याळे चालती ठेवली आहेत. लबाडी सुरू होते ती तेच घड्याळ ‘अस्सल, जुने’ म्हणून विकताना. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात घड्याळ हाती आले तर आधी भिंगातून अक्षरे पाहावीत. कारखान्याची छपाई धारदार असते, रंगाऱ्याची फुगते. मिनिटांच्या रेघा सारख्या अंतरावर आहेत का, काटे त्याच घडणीचे आहेत का, झाकण उघडल्यावर मशीनवर तेच नाव आहे का, हेही पाहावे. नारिंगी नाहीतर पोपटी, डोळ्यांत भरणारी तबकडी दिसली तर मी तरी दोन पावले मागे सरतो.

‘जनता’ला कोणी श्रीमंती वस्तू म्हणणार नाही. जपानच्या सिटिझनच्या साह्याने १९६१ मध्ये बंगळुरूला एचएमटीचा घड्याळ कारखाना सुरू झाला आणि पहिली घड्याळे पंडित नेहरूंच्या हस्ते बाहेर पडली. पुढे जावयाच्या मनगटावर एचएमटी बांधणे ही मराठवाड्यातही रीतच झाली. २०१६ च्या जानेवारीत केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली, आणि ज्यांनी ही घड्याळे कपाटात टाकून दिली होती तेच लोक ती शोधू लागले. देवनागरी आकड्यांच्या ‘जनता’साठी आज माणसे घासाघीस न करता पैसे मोजतात. डाग पडलेली, पण हात न लागलेली तबकडी असेल तर अधिकच.

म्हणून घरोघरी सांगत असतो: घड्याळ साफ करा, तेल द्या, दांडी बदला, काच नवी घाला. तबकडीला हात लावू देऊ नका. बदलायचीच असेल तर जुनी कागदात गुंडाळून मागून घ्या.

अण्णांचे घड्याळ मी वापरतो. दिवसाला मिनिटभर पुढे जाते. गेल्या कार्तिकीला कपिलधारला गेलो तेव्हा धारेखाली जाण्याआधी ते सोडले, रुमालात बांधले आणि काठावर उभ्या असलेल्या ताईच्या हाती दिले. शेजारी एक आजोबा हातात घड्याळ तसेच ठेवून पाण्याकडे निघाले होते. “बाबा, घड्याळ!” मी ओरडलो. त्यांनी थांबून पट्टा सोडला आणि तेही ताईच्याच हाती दिले. त्याचे आकडे देवनागरी होते.