आईचा पन्नाशीतला फोटो

आपल्या घरात भिंतीवर तथागत आणि बाबासाहेबांच्या तसबिरी असतात, शेजारी लग्नाचा फोटो. आईचा त्यानंतरचा फोटो शोधा. रेशनकार्डावर नाहीतर आधारकार्डावर सापडेल. पंचेचाळिशी ओलांडलेली बाई फोटोतही नसते आणि बोलण्यातही.

इंग्लंडमध्ये जो स्पेन्स (१९३४–१९९२) ही कामगाराघरची छायाचित्रकार होऊन गेली. आधी सेक्रेटरी, मग गिऱ्हाइकांचे फोटो काढून पोट भरणारी. १९८२ साली स्तनाचा कर्करोग निघाला, तेव्हा तिने आपल्या स्तनावरच ‘ही मालमत्ता जो स्पेन्सची?’ असे लिहून फोटो काढवला. पुढे मैत्रीण रोझी मार्टिन हिच्यासोबत, कारखान्यात राबलेल्या आपल्या आईचा वेश करून तिने फोटो काढवले. त्याच रोझीने पुढे के गुडरिज हिला बरोबर घेऊन प्रौढ बायकांच्या शरीराचेच फोटो मांडले. लपवायचे काय त्यात?

आपण विटाळ सोडला, पण पाळी जाण्याविषयी मात्र अजून तोंड शिवलेले. पाळी मागेपुढे होते, अंगातून गरम वाफा निघतात, रात्री घामाने झोप मोडते, जीव चिडतो. घरचे म्हणतात, “हिचं डोकं फिरलंय.” हे काही वर्षे चालते. सलग बारा महिने पाळी आली नाही की ती गेली असे समजतात. त्यानंतर एक थेंबही रक्त दिसले तर तडक डॉक्टरकडे जावे. हाडेही ठिसूळ होऊ लागतात.

“त्रास नको, पिशवीच काढून टाका,” असे सांगणारे भेटतात. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. सोबत दोन्ही अंडाशय काढले तर तरण्याताठ्या बाईची पाळी एका दिवसात जाते आणि वरचे सगळे त्रास एकदम अंगावर येतात. म्हणून दुसऱ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय सही करू नये.

महिला मंडळांनी एवढे करावे. पौर्णिमेला वंदना आटोपली की विहारातच एक खुर्ची मांडावी. ज्या भगिनीची तयारी असेल तिचा फोटो काढावा, मोबाईलवर चालेल. डोक्यावरचा पदर, पिकलेले केस, भांडी घासून खरबडीत झालेले हात, जसे असतील तसे. खाली तिच्याच शब्दांत दोन ओळी: झोप येते का, कोणाला सांगितले, डॉक्टर काय म्हणाले. नाव नको म्हणाली तर घालू नये. चेहरा नको म्हणाली तर हातांचाच काढावा. फोटो विहाराच्या भिंतीवर पुरुषांनाही दिसतील असे लावावेत, कारण रात्री दोन वाजता पंखा लावायला उठणारी बाई त्यांच्याच शेजारी झोपलेली असते.